रांग आणि बेट

साथीच्या दिवसांत सीमेवर पहारा बसविणें ही कल्पना नवी नाहीं. नवल वाटतें तें हें कीं, आमच्या काळांतील प्रबळ राज्यांस पहाऱ्याची आठवण राहिली, पण त्यामागील तत्त्वाचा कांहीं काळ विसर पडला.

एड्रिॲटिक समुद्राच्या कांठीं रागूझा, म्हणजे आजचें दुब्रोव्हनिक, हें लहानसें व्यापारी नगरराज्य होतें. दार बंद करावें तर व्यापार बुडतो, उघडें ठेवावें तर प्लेग आंत येतो, असा पेंच त्याच्यापुढें पडला. तेव्हां १३७७ सालीं तेथील महासभेनें ठराव केला कीं, रोगग्रस्त मुलुखांतून येणाऱ्यानें प्रथम मृकान बेटावर किंवा त्साव्हतात गांवीं एक महिना राहावें व मगच शहरांत पाऊल टाकावें. पुढें १४२३ सालीं व्हेनिसनें आपल्या खाडींतील एका बेटावर कायमचें रुग्णगृह उभारलें. कालांतरानें महिन्याचे चाळीस दिवस झाले, आणि त्या संख्येच्या इटालियन नांवावरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द जगभर गेला.

त्या लोकांस जंतु म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. तथापि ज्याच्याविषयीं संशय आहे त्यास निरोगी माणसांपासून दूर ठेवावें, आणि काळच त्याची परीक्षा करील, एवढें त्यांनीं नेमकें ओळखलें होतें. अंतर आणि अवधि हे त्या व्यवस्थेचे दोन खांब होत. शिपाई, दाखला व दरवाजा हीं केवळ साधनें.

आतां २०२० सालच्या मार्च महिन्याकडे वळूं. ता. ११ च्या रात्रीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं युरोपांतील शेंगेन करारांतल्या २६ देशांतून येणाऱ्या परकीयांस प्रवेशबंदी जाहीर केली, ती ता. १३ च्या मध्यरात्रीं अमलांत यावयाची होती. स्वदेशीय नागरिकांस बंदी नव्हती. मात्र त्यांनीं नेमून दिलेल्या १३ विमानतळांवरच उतरावें असें ठरलें. मुदत थोडी आणि घोषणा संदिग्ध. साहजिकच युरोपांतील अमेरिकन लोक घाईघाईनें परतूं लागले. ता. १४ रोजीं शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पासपोर्ट व आरोग्य यांच्या तपासणीसाठीं माणसें तासन्‌तास एकमेकांस खेटून उभीं होतीं. ज्यांस परस्परांपासून दूर ठेवावयाचें, त्यांसच राज्यानें एका दालनांत दाटीनें उभें केलें!

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पुढील वर्षीं हाच प्रकार निराळ्या कारणानें घडला. तेथें प्रवासी थोडे, पण कागद फार. चाचणीचा दाखला, मुक्कामाच्या पत्त्याचें पत्रक, पुढील चाचण्यांची नोंदणी, हें सर्व अधिकारी प्रत्येकाचें तपासून पाहत. रांग कधीं कधीं सहा तासांपर्यंत लांबे. ‘लाल यादी’तील देशांतून येणाऱ्यांस दहा दिवस हॉटेलांत ठेवण्याचा नियम १५ फेब्रुवारी २०२१ पासून होता. म्हणजे अवधि राखला होता. पण हॉटेलाच्या खोलीपर्यंत पोंचण्यापूर्वींच हे प्रवासी इतर देशांहून आलेल्यांसह एकाच दालनांत तिष्ठत, आणि अंतर नाहींसें होई. ता. २३ एप्रिल रोजीं भारताचें नांव त्या यादींत गेलें. तत्पूर्वीं जादा विमानें आणूं देण्याची विमान कंपन्यांची विनंती विमानतळानें रांगांच्या भयानेंच नाकारली होती. अखेर ता. १ जूनपासून लाल यादीच्या देशांतून थेट येणाऱ्यांसाठीं टर्मिनल ३ स्वतंत्र राखण्यांत आलें. सुमारें साडेसहाशें वर्षांनीं मृकानचें बेट पुन्हां सांपडलें, असेंच म्हणावयाचें!

कोणी म्हणेल, शिडाच्या जहाजांचा काळ निराळा. आज एकेक विमान शेंकडों माणसें कांहीं तासांत आणून उतरवितें. तें खरें आहे. परंतु वेग वाढल्यानें तत्त्व बदलत नाहीं. पूर्वतयारीची निकड तेवढी वाढते. रागूझाच्या महासभेनें ठराव केला तेव्हां माणसें कोठें राहतील हें त्या ठरावांतच सांगितलें होतें. पुढील साथीच्या वेळीं दारावर किती पहारेकरी नेमले हें विचारण्याआधीं दाराबाहेर थांबणाऱ्यांसाठीं जागा किती राखली, हें राज्यकर्त्यांस विचारलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.