हेतूचा आरोप आणि स्त्रीप्रश्नाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात स्त्रीप्रश्नावर जे वाद झडले, त्यांचा अभ्यास करताना एक गोष्ट पुन:पुन्हा समोर येते. प्रश्न विचारणाऱ्याच्या मुद्द्याला उत्तर देण्यापूर्वी त्याच्या हेतूवर खटला भरला जातो. हे कोण बोलते, कोणाच्या सांगण्यावरून बोलते, यात त्याचा काय स्वार्थ, हे प्रश्न आधी येतात. बोललेले खरे की खोटे, हा प्रश्न मागे पडतो, आणि बहुधा मागेच राहतो. परिवर्तनाच्या चळवळीत काम करणाऱ्यांनी ही रीत तपासली पाहिजे. कारण ती केवळ सनातन्यांची रीत नव्हती.

रखमाबाईचा खटला घ्या. सुतार समाजातील या मुलीचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झाले. ती नांदायला गेली नाही, तेव्हा दादाजीने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तिला नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असे फर्माविले. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

या चार वर्षांत वृत्तपत्रांतून काय चालले होते? दादाजीच्या बाजूचे म्हणणे असे की, मुलीच्या नावाची मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून तिचे आजोबा व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन तिला पुढे करीत आहेत. रखमाबाईच्या बाजूनेही उलट आरोप झाला की, दादाजीला बायको नको आहे, मालमत्ता हवी आहे. दोन्ही आरोपांत थोडेफार तथ्य असेलही. परंतु दोन्ही क्षणभर खरे मानले तरी मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो : जाणतेपण येण्यापूर्वी लागलेल्या लग्नाने स्त्रीच्या देहावर नवऱ्याचा कायमचा हक्क निर्माण होतो काय? हेतूंच्या धुरळ्यात हा प्रश्न दिसेनासा झाला. शिवाय मालमत्तेच्या साऱ्या चर्चेत रखमाबाई ही कोणाच्या तरी हातातील वस्तू होती. तिला स्वत:चा म्हणून काही हेतू असू शकतो, हेच कोणाला मान्य करवत नव्हते.

आणखी एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे म्हणणारे या खटल्यात ज्या दाव्याच्या पाठीशी उभे होते, तो नांदायला लावण्याचा दावाच मुळी विलायती होता. हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, असे पिनी यांनी निकालात नमूद केले होते. हा दावा न पाळणाऱ्यास होणारा तुरुंगवास खुद्द इंग्लंडने १८८४ मध्येच बंद केला होता. ही विसंगती दाखविणे म्हणजे कोणाच्या मनात शिरणे नव्हे. कृती आणि तत्त्व शेजारी ठेवले की ती आपोआप दिसते. प्रामाणिक चिकित्सा येथून सुरू होते.

याच कसोटीने विरोधकालाही तोलले पाहिजे. संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी कडाडून विरोध केला. १९ मार्च १८९१ रोजी हा कायदा मंजूर झाला आणि वयोमर्यादा दहावरून बारा झाली. टिळकांचा विरोध म्हणजे निव्वळ ढोंग, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. परंतु १८९० मध्ये त्यांनी सुधारकांपुढे उलट सूचना ठेवली होती की, मुलीचे लग्न सोळापूर्वी व मुलाचे विसापूर्वी न करण्याचे बंधन सुधारकांनी आधी स्वत:वर घालून घ्यावे. ही नोंद वगळून टिळकांचा न्याय करणे अन्यायाचे होईल. आता ती नोंद धरूनच विचारू या. स्वेच्छेचे हे बंधन कोणावर? जे सही करतील त्यांच्यावर. सही न करणाऱ्याच्या घरातील दहा वर्षांच्या मुलीला त्यातून कोणते संरक्षण मिळणार होते? १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. टिळकांचा हेतू शुद्ध धरला तरी त्यांच्या भूमिकेचा हा दोष उरतोच. उलट, हेतू शुद्ध धरल्यावरच तो अधिक स्पष्ट दिसतो.

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा वादही असाच. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले हे सदन पुढे पुण्यास आले. मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, अशी तक्रार वाढत गेली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. संस्थेने धर्माबाबत तटस्थ राहण्याचा शब्द दिला होता, तो पाळला जातो काय, हे विचारण्याचा पालकांना अधिकार होता. हा वर्तनाचा प्रश्न होता. परंतु त्यावरून विधवांचे शिक्षण हे सारे सोंगच होते असा निष्कर्ष काढणे, हा वेगळा प्रकार झाला. ज्या विधवांना त्या काळी दुसरे दार उघडे नव्हते, त्यांची गणती या निष्कर्षात कोणी केली नाही.

या गदारोळात वेगळी रीत जोतीराव फुल्यांनी दाखविली. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात धर्मांतर केले तेव्हा, ती फसली, विकली गेली, असा ओरडा झाला. १८८५ मध्ये काढलेल्या ‘सत्सार’मध्ये फुल्यांनी तिची बाजू घेतली. संस्कृत ग्रंथ स्वत: वाचलेल्या बाईला त्यांतील स्त्री-शूद्रांविषयीचा पक्षपात दिसला आणि तिने तो धर्म सोडला, अशी त्यांची मांडणी आहे. तिने जे पाहिले ते ग्रंथांत आहे की नाही ते बोला, हा त्यातला आशय.

याच ‘सत्सार’मध्ये ताराबाई शिंदे यांचीही बाजू आहे, आणि ती आपल्याला अधिक अडचणीत टाकणारी आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्यांचे वडील सत्यशोधक. तरीही ग्रंथाची हेटाळणी सत्यशोधकांच्या वर्तुळातूनच झाली. भटशाहीवर आसूड ओढणाऱ्यांना पुरुषशाहीवरचा आसूड सोसला नाही. फुल्यांनी आपल्याच माणसांना सुनावले. पुढे हा ग्रंथ विस्मरणात गेला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांच्यामुळे पुन्हा वाचकांसमोर आला.

हेतूंच्या भांडणातून बाहेर पडण्याची शास्त्रीय वाट बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील आपल्या जातिविषयक निबंधात दाखविली. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या रूढींचा गौरव करणारी तत्त्वज्ञाने पुष्कळ सापडतात. पण गौरव का झाला याने रूढी का निर्माण झाली हे कळत नाही, असे त्यांनी बजावले. जातीबाहेर लग्न होऊ द्यायचे नसेल तर जातीत उरलेल्या विधवेचे व विधुराचे काय करायचे, या गरजेतून त्या आल्या. रूढी पाळणारा बाप दुष्ट होता असे मानण्याची येथे गरजच पडत नाही. प्रेमळ बापाच्या हातूनही व्यवस्था आपले काम करून घेते.

आणि या बाबासाहेबांच्याही वाट्याला हेतूचा आरोप आला. हिंदू कोड बिलाच्या वेळी स्वामी करपात्रींसारख्यांनी त्यांच्या जातीकडे बोट दाखविले. वारसा, घटस्फोट, पोटगी यांच्या कलमांना उत्तर देण्यापेक्षा ते सोपे होते. बिल रखडले आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

आता आपल्याविषयी. आपल्या वस्तीतील बाई घरातल्या मारहाणीविषयी, दारूविषयी, संघटनेत सतरंज्या उचलण्यापुरत्या मिळणाऱ्या जागेविषयी बोलू लागली की, हिला सवर्ण बायकांनी फितवले, ही चळवळ फोडायला निघाली, असे आपणही म्हणतो. शोषकाचा हितसंबंध ओळखायला चळवळीने आपल्याला शिकविले, आणि ते योग्यच आहे. रामायण-मनुस्मृती कोणाच्या सोयीची, हे विचारल्याशिवाय आपल्याला इतिहास कळला नसता. पण हितसंबंध दाखविण्यासाठी पुरावा लागतो : कोणाला काय मिळाले, कोणी काय केले, किती काळ केले. जात, सोबत किंवा बोलण्याचा सूर हा पुरावा नव्हे. आणि पुरावा मिळाला तरी मुद्द्याचे उत्तर द्यायचे राहतेच. नवऱ्याने मारले की नाही, याचे उत्तर बाई कोणत्या सभेला गेली होती यात सापडत नाही.

ताराबाईंना त्यांच्या जवळच्यांनी नीट ऐकले असते तर सत्यशोधक चळवळीत स्त्रियांचे लेखन पुढे कोठवर गेले असते, हे आज सांगता येणार नाही. एवढे मात्र नोंदलेले आहे की, ‘स्त्रीपुरुष तुलना’नंतर त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही.