दोष विमानाचा की शिकवणीचा?

विमानास अपघात झाला की लोक प्रथम विमानाला दोष देतात, आणि चौकशी करणारे बहुधा वैमानिकाला. परंतु या दोहोंच्या मध्ये आणखी एक गोष्ट असते; ती म्हणजे त्या विशिष्ट विमानासंबंधी त्या वैमानिकास मिळालेले शिक्षण. तिचे महत्त्व मित्सुबिशी एमयू-२ या जपानी विमानाच्या इतिहासावरून चांगले ध्यानात येते.

महायुद्धात ‘झीरो’ हे लढाऊ विमान बांधणाऱ्या मित्सुबिशीवर १९४५ च्या पराभवानंतर विमानाचे काम सोडून देण्याची पाळी आली. दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने जपानात विमाने बांधण्यासच नव्हे, तर त्या विद्येच्या संशोधनासही मनाई केली. ही बंदी १९५२ मध्ये उठली, तोवर जग जेट एंजिनाच्या युगात येऊन पोहोचले होते. मागे पडलेल्या अभियंत्यांनी १९५६ च्या सुमारास एका लहान, दोन एंजिनांच्या विमानाचा आराखडा हाती घेतला, आणि १४ सप्टेंबर १९६३ रोजी एमयू-२ ने पहिले उड्डाण केले.

हे विमान टर्बोप्रॉप जातीचे होते. जेट एंजिनात तप्त वायूचा झोत विमानाला पुढे ढकलतो. टर्बोप्रॉपमध्ये त्याच वायूच्या शक्तीने पुढचा पंखा फिरविला जातो. त्यामुळे मध्यम वेगात इंधन कमी लागते व आखूड धावपट्टीवरूनही उड्डाण करता येते. ज्या उद्योजकाला एका दिवसात तीन गावे गाठावयाची असतात, त्याला याहून सोयीचे वाहन कोणते?

परंतु जपानी अभियंत्यांना वेगही हवा होता व आखूड धावपट्टीही. वेगासाठी पंख लहान हवेत, आणि सावकाश उतरण्यासाठी ते मोठे हवेत! या पेचातून त्यांनी धाडसी मार्ग काढला. पंख लहानच ठेवले, पण त्यांच्या मागच्या कडेला जवळजवळ टोकापासून टोकापर्यंत फ्लॅप बसविले. उतरताना हे फ्लॅप मागे व खाली सरकले म्हणजे पंख जणू विस्तारत असे. मात्र विमान डावी-उजवीकडे कलविणारे एलेरॉन ज्या जागी असतात, ती जागा फ्लॅपांनी व्यापली. म्हणून ते काम पंखाच्या पाठीवर उभ्या राहणाऱ्या स्पॉइलर नावाच्या पट्ट्यांकडे सोपविण्यात आले. ज्या बाजूची पट्टी उभी राहील, त्या बाजूची उचल कमी होते व विमान तिकडे कलते.

अमेरिकेत विक्रीसाठी मूनी या कंपनीशी करार झाला. नागोयाहून आलेले भाग टेक्सासमधील सॅन अँजेलो येथे जोडले जाऊ लागले. पुढे मूनी अडचणीत आल्यावर मित्सुबिशीने तो कारखाना स्वतःकडे घेतला. १९८६ पर्यंत अशी सुमारे ७०० विमाने तयार झाली. जपानच्या हवाई दलाने ती समुद्रावरील शोध व सुटकेच्या कामी वापरली. अमेरिकेत प्रथम उद्योजकांनी, आणि विमाने जुनी झाल्यावर रात्रीची टपाल व मालवाहतूक करणाऱ्यांनी ती घेतली.

येथेच कसोटी लागली. दोन एंजिनांपैकी एक बंद पडले, तर सामान्य विमानात वैमानिक चाक चालू एंजिनाच्या बाजूस फिरवितो. एमयू-२ मध्ये तसे केले की त्याच बाजूचा स्पॉइलर उभा राहतो व उरलीसुरली उचलही खातो. येथे चाक सरळ ठेवून, ट्रिमच्या साहाय्याने तोल साधावा लागतो. फ्लॅप घाईने मिटले तरी विमान खाली बसते. म्हणजे अन्य विमानांवर मुरलेली सवयच येथे घातक ठरत होती! तरीही वजन ५,६७० किलोच्या आत असल्याने, या विमानासाठी निराळा परवाना घेण्याची सक्ती अमेरिकेत नव्हती.

अपघात वाढत गेले, तसे विमानाचे नाव बदनाम झाले. सर्वच अपघात या कारणाने झाले असे नव्हे. १९९३ मध्ये साउथ डकोटाचे गव्हर्नर जॉर्ज मिकेलसन व त्यांचे सहप्रवासी मरण पावले, तेव्हा पंख्याच्या धातूच्या तुंब्याला तडा गेला होता. अमेरिकन विमान प्रशासनाने विमानाच्या रचनेची पुनःपुन्हा तपासणी केली. पण ती नियमांस उतरते, असेच आढळले. २००४ व २००५ च्या अपघातांनंतर ही विमाने जमिनीवरच ठेवावीत, अशी मागणी झाली.

प्रशासनाने ती मान्य केली नाही. पण डोळेझाकही केली नाही. २००८ मध्ये खास नियम काढून एमयू-२ च्या प्रत्येक वैमानिकास ठराविक शिक्षण, त्याची नियमित उजळणी व एकच अधिकृत तपासणी-यादी बंधनकारक करण्यात आली. एकट्याने उडणाऱ्यास चालू स्थितीतला स्वयंचालकही आवश्यक ठरला. विमानाचा पंख बदलला नाही, स्पॉइलर बदलले नाहीत. तरी अपघातांचे प्रमाण पुष्कळ खाली आले. ते अजिबात थांबले मात्र नाहीत. २०१६ मध्ये कॅनडात एका एमयू-२ च्या अपघातात सात माणसे दगावली.

जे यंत्र नेहमीच्या सवयींना जुमानत नाही, ते नियमांत बसले एवढ्याने त्याच्या कर्त्याचे किंवा शासनाचे काम संपत नाही. ते कसे वागते, हे चालविणाऱ्यास आधी शिकविले गेले पाहिजे. एमयू-२ च्या बाबतीत हे शिक्षण सक्तीचे होण्यास पहिल्या उड्डाणापासून पंचेचाळीस वर्षे लागली. तेच आरंभी झाले असते, तर किती घरांचे दिवे मालवले नसते, याचा हिशेब कोणत्याही चौकशीच्या अहवालात सापडणार नाही.