कॉनवीच्या किल्ल्यात एकतिसावे

तिकीट खिशात कोंबा आणि चढायला लागा. वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या कॉनवी किल्ल्याचे आठ बुरूज मघाशी खालून करडे दिसले होते ना? आता मान वर करा. पांढरेशुभ्र! चुन्याचा गिलावा इतका ताजा की उन्हात डोळे बारीक करावे लागतात. साल साधारण 1300. तारीख कुणाला विचारू नका. इथं लोक संतांच्या सणांवरून दिवस मोजतात.

पायाखालच्या फळ्या दणाणतात तो उचलता पूल. पुढच्या दरवाजावर, तटाबाहेर काढलेल्या दगडी सज्जाला खाली भोकं आहेत. त्यांच्याखाली रेंगाळू नका. वरचा पहारेकरी आज कंटाळून नुसता थुंकतोय, पण ती भोकं धोंडे टाकायला ठेवलीत.

आत पाऊल टाकताच वास अंगावर येतो. ओली लोकर, घोड्यांची लीद, लाकडाचा धूर आणि या सगळ्यांना पुरून उरणारी खारवलेली हेरिंग. डावीकडे मुदपाकखाना, उजवीकडे लांबलचक सदर. खालचा खडक वळतो तशी तीही वळलेली. आज धक्क्याला जहाज लागलंय, त्यामुळे चौकात ही गर्दी. गव्हाची पोती, वाईनची पिंपं, ‘बाजूला, बाजूला!’ आणि कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत. हुकूम फ्रेंचमध्ये सुटतात, शिव्या इंग्रजीत, हिशेब लॅटिनमध्ये. वेल्श ऐकायची असेल तर बहुधा तटाबाहेर जावं लागेल; हे गाव इंग्रजांसाठी वसवलंय आणि किल्ला वेल्श लोकांवर वचक ठेवायला.

हमाल पांगले की मात्र तुम्ही चक्रावता. एवढ्या थोरल्या किल्ल्याची शिबंदी ठरलीय अवघी 30 जणांची! त्यांतले 15 क्रॉसबोवाले. एक पाद्री, एक सुतार, एक गवंडी, एक लोहार, एक हत्यारं नीट ठेवणारा. उरलेले दरवान, पहारेकरी वगैरे. राजा येतो तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसते. एरवी हे तीस जणांचं बिऱ्हाड. इथं रिकामे हात कुणाला बघवत नाहीत. तुमचे दिसताच एक जण दोर पुढे करतो.

विहीर खडक फोडून 91 फूट खाली नेलीय. आत डोकावलात तर गार, शेवाळी श्वास तोंडावर येतो. पोहरा सोडताना मजा वाटते. ओढताना दहाव्या हाताला तळवे चुरचुरतात, विसाव्याला खांदे बोलायला लागतात. ओला दोर बाहीवर गळतो, पोहरा भिंतीवर आपटतो आणि वर येईपर्यंत त्यातलं बरंचसं पाणी विहिरीलाच परत गेलेलं असतं. आचारी आत डोकावून म्हणतो, ‘अजून.’ घोडेही तहानलेत.

आतल्या चौकाच्या बुरुजात भट्टी पेटलीय. तिच्या तोंडाशी उभे राहिलात की भुवया करपतील अशी धग. दोन पावलं मागे सरकलात की भिंतींची ओल पाठीत शिरते. इथं ऊब वाटणीत येते, एका वेळी पुढच्या अंगाला नाहीतर मागच्या, दोन्हींना मिळून कधीच नाही.

सदरेत जेवायला बसा. जमिनीवर लव्हाळी अंथरलीत. त्यांच्यात काय काय सांडलंय ते कुत्र्याला ठाऊक. शिळ्या पावाची जाड चकती हेच ताट. तिच्यावर मटणाचा रस्सा ओतला की खालचा पाव फुगतो, कडेने मऊ पडतो. काटा शोधू नका, बोटं आहेत. जवाची बिअर कोमट आणि गढूळ. शेजारी जरा जास्तच जवळ बसलाय, पण त्याच्या लोकरीची ऊब तुम्हाला हवीच आहे.

पोट कुरकुरलं? भिंतीच्या जाडीतल्या चिंचोळ्या वाटेने जा. दगडी बैठक, मधोमध भोक आणि खालून थेट समुद्रावरचा वारा. तुमचा मुक्काम इथं लांबणार नाही. गावाच्या दक्षिण तटावर तर असे बारा शौचकूप एका ओळीत बाहेर काढलेत, तेही राजाच्या कारकुनांसाठी. सरकारी नोकरीचे फायदे!

संध्याकाळी चर्यांवर या. पंधरांपैकी एक जण क्रॉसबोच्या पुढच्या रिकिबीत पाय अडकवून दोर ताणायला शिकवतो. तुम्ही लालबुंद होता, दोर जागचा हलत नाही आणि तो पोट धरून हसतो. तेवढ्यात खाली कोठाराचा कारकून माणसं मोजायला लागलाय. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस... आणि बोट तुमच्यावर येऊन थांबतं. एकतिसाव्या माणसाचा पाव त्याच्या हिशेबात नाही. एक तर उद्या पहाटे पुन्हा विहिरीवर उभे राहा, नाहीतर दरवाजा बंद व्हायच्या आत पूल ओलांडा.