कुंदगोळचे ऋण

गवयांच्या चरित्रांत घर सोडून पळून जाण्याचा प्रसंग इतक्या वेळा येतो की, नाटकाच्या नांदीप्रमाणे तो आवश्यकच असावा असा वाचकाचा समज व्हावा. पं. भीमसेन जोशी ह्यांच्या चरित्रातही हा प्रसंग आहे आणि तो मोठ्या चवीने सांगितला जातो. अकरा वर्षांचा मुलगा, खिशात पैसा नाही, आगगाडीत तिकिटाच्या ऐवजी गाणे. हे चित्र कोणासही मोह घालील. परंतु ह्या चरित्राचे मर्म पळून जाण्यात नसून परत येण्यात आहे, असे आम्हांस वाटते.

भीमसेनांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा. बालपण गदगच्या परिसरात गेले. वडील गुरुराज जोशी पेशाने शिक्षक. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका मुलाच्या कानी पडली आणि असे गाणे आपल्याला आलेच पाहिजे ह्या एका ध्यासाने १९३३ साली त्याने घर सोडले. ग्वाल्हेर, कलकत्ता अशी गावे पालथी घालीत तो जालंधरला पोहोचला. तेथे विनायकबुवा पटवर्धनांची गाठ पडली. बुवांनी त्याला सुचविले, की इतक्या दूर भटकण्यापेक्षा आपल्याच मुलखातील सवाई गंधर्वांकडे जावे.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. हुबळीजवळचे कुंदगोळ हे त्यांचे गाव, आणि ते शिष्य होते खुद्द अब्दुल करीम खाँसाहेबांचे! ज्या स्वराच्या शोधात मुलाने निम्मा हिंदुस्थान पायांखाली घातला, त्या स्वराचा वारस त्याच्या घरापासून थोड्याच अंतरावर राहत होता. मग ती भटकंती व्यर्थ गेली काय? आम्हांस तसे वाटत नाही. तिने त्याचे कान नाना तऱ्हेच्या गायकीने भरले. मात्र कानांत साठलेल्याला शिस्त लागते ती एका जागी बसूनच.

ती बैठक १९३६ च्या सुमारास कुंदगोळला सुरू झाली. आरंभी तालमीपेक्षा पाणी भरणे आणि घरची कामेच अधिक होती. पुढे तोडी, मुलतानी आणि पूरिया ह्या रागांवर दीर्घ मेहनत झाली. गंगूबाई हनगल ह्याही त्याच गुरूंच्या शिष्या. त्या हुबळीहून आगगाडीने तालमीस येत. ठराविक वर्षांत ठराविक पुस्तके संपविणाऱ्या आम्हां शिक्षकांना ह्या पद्धतीची गती फार मंद वाटते. पण तीनच रागांत जो खोलवर उतरला, त्याला चौथ्या रागाची वाट बहुधा आपणच सापडते.

कोणी म्हणेल, शाळा सोडून पळाल्याने मोठेपण येते असा बोध ह्यातून मुलांनी घेतला तर? शंका रास्त आहे. स्वरांच्या नादाने घराबाहेर पडलेली आणि पुढे कोठेच न पोहोचलेली मुले किती असतील! त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही; त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आईबापांची तर नाहीच नाही. म्हणूनच पलायनाचे कौतुक जपून करावे.

१९४१ साली भीमसेनांचे पहिले जाहीर गायन झाले आणि पुढच्या वर्षी ध्वनिमुद्रिका निघाली. १९४६ मध्ये गुरूंच्या षष्ट्यब्दीनिमित्त पुण्यात ते गायले आणि ह्या तरुणाकडे जाणकारांचे लक्ष वेधले गेले. अखेरच्या वर्षांत अर्धांगवायूने सवाई गंधर्वांचे गाणे थांबले होते. १२ सप्टेंबर १९५२ रोजी ते निवर्तले. दुसऱ्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात संगीतोत्सव सुरू झाला.

गवयाने नावाजलेल्या व्यासपीठापर्यंत पोहोचावे, ही नेहमीची कथा. येथे मात्र ते व्यासपीठ आधी उभारावे लागले, आणि उभारणाऱ्यांत हा शिष्य अग्रभागी होता. लहानशा प्रमाणावर आरंभलेला उत्सव वाढत वाढत हजारो श्रोत्यांचा, अनेक दिवसांचा झाला. निरनिराळ्या घराण्यांचे नामवंत तेथे आले. नवोदितांनाही त्याच मंचावर आणि त्याच श्रोत्यांपुढे स्थान मिळाले. आणि वर्षानुवर्षे उत्सवाची सांगता भीमसेनांच्या गायनाने होत असे. आपल्याकडे पंगत उठल्यावर यजमान पानावर बसतो. त्यांचे ते शेवटचे गाणे आम्हांस नेहमी तसे वाटत आले आहे. मानाची जागा म्हणून ती होतीच, परंतु त्याहून अधिक ती यजमानाची जागा होती.

गुरूचे ऋण फिटत नाही, असे आपण सहज बोलून जातो. बोलण्याने ते फिटत नाहीच. गुरूने एका मुलाला घरात घेतले. शिष्याने गुरूच्या नावाने असे घर बांधले की ज्यात परक्या घराण्याचा गवईही आपला म्हणून बसावा. ह्याहून निराळी फेड आम्हांस सुचत नाही.

२००८ साली भीमसेनांना भारतरत्न हा किताब जाहीर झाला. २४ जानेवारी २०११ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर उत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. आज तो 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' म्हणून ओळखला जातो. नाव आधी गुरूचे, मग शिष्याचे. कुंदगोळच्या त्या घरातही बसण्याचा क्रम हाच होता.