रूपकुंडाची वाट आणि बाळंतीण राणी

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी "तुमच्या हिमालयाच्या सहलीचे काही लिहा" असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. सहलीची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. सूर्योदय, थंडी, बोटांत न मावणारा वाफाळता पेला, आणि शेवटी निसर्गापुढे माणूस किती लहान! ते सारे मलाही दिसले. पण मनात राहिले ते निराळेच. त्या वाटेवर मला एका बाळंतिणीची गोष्ट भेटली, आणि परतल्यावर तिचा माग काढता काढता माझी तीन वर्षे गेली. तीच हकीगत आपणांस सांगावी म्हणते.

२०१६ सालच्या सप्टेंबरअखेरीस आम्ही आठ जणी गढवालात रूपकुंडास गेलो. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. सहा दिवसांची चाल, बरोबर एक वाटाडे, स्वयंपाकी आणि सामानाची खेचरे. नेमका पितृपक्ष होता. "पितृपक्षात हाडे पाहायला कशाला जाता?" असे सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. कारण रूपकुंडाची ख्याती मुळी हाडांसाठीच आहे. त्रिशूळ पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे १६,५०० फुटांवर, एवढेसे हे तळे. पोहणाऱ्याने दहा-वीस हात मारले की पलीकडचा काठ लागावा! वर्षातले बरेच महिने ते गोठलेले असते. बर्फ वितळले की काठावर आणि तळाशी माणसांचे सांगाडे दिसू लागतात. एकदोन नव्हेत, शेकडो.

काठगोदामाहून जीपने लोहाजंग, तेथून वाण गाव, आणि वाणहून पायी. वाणला लाटू देवतेचे देऊळ आहे. पुजारी डोळ्यांना पट्टी बांधून आत जातो. हा लाटू म्हणजे नंदादेवीचा धर्माचा भाऊ. आमचे वाटाडे याच गावचे. त्यांना आम्ही तिकडच्या रीतीने 'भैजी' म्हणत असू आणि ते आम्हां सगळ्यांना 'दीदी'. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी नंदादेवीची ओळख करून दिली, ती एखाद्या नात्यातल्या मुलीची करून द्यावी तशी. नंदा ही गढवालची लेक. तिचे सासर कैलासावर, शंकराकडे. दर भाद्रपदात गावकरी तिला माहेराहून सासरी पोहोचवावयास निघतात, आणि साधारण बारा-एक वर्षांनी मोठी 'राजजात' निघते. नौटी गावापासून होमकुंडापर्यंत जाऊन येऊन सुमारे २८० किलोमीटरांची यात्रा. पुढे चार शिंगांचा मेंढा चालतो. त्याच्या पाठीवर देवीसाठी कपडे, बांगड्या, शृंगार बांधलेला असतो. होमकुंडाशी त्याला मोकळा सोडतात आणि तो एकटाच बर्फाच्या दिशेने निघून जातो. गेली राजजात २०१४ साली झाली, त्या आधीची २००० साली. गावागावांतून निघताना बायका धाय मोकलून रडतात, कारण लेक सासरी निघालेली असते.

भगिनींनो, हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्या गौरी आल्या. दिवसही तेच! भाद्रपदातल्या ज्या दिवसांत आपण गौरींना माहेरवाशिणी म्हणून घरात घेतो आणि तिसऱ्या दिवशी जड मनाने निरोप देतो, त्याच सुमारास नंदाष्टमीला बेदनी कुंडावर नंदेला निरोप दिला जातो.

दुसऱ्या दिवशी बांज आणि बुरांसाच्या रानातून चढ चढून आम्ही बेदनी बुग्यालावर आलो. बुग्याल म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर लागणारे गवताचे कुरण. मैलोगणती हिरवे, उतरत गेलेले, आणि त्याच्या टोकाला एकदम त्रिशूळ आणि नंदा घुंटी. अंगावरून हिमनद्या उतरलेल्या, सकाळी गुलाबी आणि दुपारी डोळ्यांना खुपेल अशा पांढऱ्या. बेदनी कुंडात त्रिशुळाचे प्रतिबिंब दिसते म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी आटून चिखलात चार मेंढ्या उभ्या होत्या.

बेदनीच्या पुढे पातर नचौणी. इथे भैजी थांबले आणि गोष्ट सुरू झाली. फार पूर्वी कनौजचा राजा जसधवल राजजातेला निघाला. सोबत राणी बालंपा, सैन्य, नोकरचाकर आणि नाचणाऱ्या पातरी. देवीच्या वाटेवर राजाने नाच मांडला. देवी कोपली आणि पातरी जमिनीत गडप झाल्या. ते हे खड्डे, असे म्हणून त्यांनी गवतातले खड्डे दाखविले. राजा तरीही पुढे निघाला. राणी गरोदर होती, दिवस भरत आले होते. भगुवाबासाच्या वरच्या दगडधोंड्यांत ती बाळंत झाली. ती जागा म्हणजे 'बलपा सुलेरा', राणीच्या बाळंतपणाची जागा. विटाळाने वाट बाटली, देवीने लाटूला आज्ञा केली आणि आकाशातून लोखंडासारख्या गारा पडल्या. राजाची सगळी मंडळी रूपकुंडाच्या काठी मेली. "म्हणून," भैजी म्हणाले, "वाणच्या पुढे बायकांनी जातेबरोबर जाऊ नये असा जुना दंडक होता. आता जातात. तुम्हीही चाललातच की!" आणि ते हसले.

मला मात्र हसू आले नाही. त्याचे कारण घरचे आहे. माझ्या आजीचे पाचवे मूल पंढरीच्या वाटेवर, वाखरीच्या अलीकडे झाले. दिंडीतल्या मंडळींनी तिला अगदी जपून सांभाळले; विठोबाच्या वाटेवर कसला विटाळ, असे म्हणून गाडीत गवताची गादी करून दिली. बोलले ते घरी राहिलेले. त्या साली पाऊस लांबला, आणि "हिने वाट बाटविली" हे वाक्य आजीने वर्षभर पाणवठ्यावर ऐकले. ती पुन्हा वारीला गेली नाही. ते पाचवे मूल म्हणजे माझी आई.

भगुवाबासाला रात्री झोप कोणालाच लागली नाही. डोके ठणकत होते, आणि आमच्यातल्या एकीला तर उलट्या होऊ लागल्या. भैजींनी तिला वर नेण्यास साफ नकार दिला आणि स्वयंपाक्याला तिच्यापाशी ठेवले. इतका ठामपणा मी शहरातल्या पुष्कळ शिकलेल्यांत पाहिलेला नाही. पहाटे चार वाजता आम्ही सात जणी निघालो. दगडांच्या फटींतून ब्रह्मकमळे उगवलेली होती. (आपण कुंडीत लावतो आणि रात्री जागून जिची पूजा करतो, ती अमेरिकेकडची निवडुंगाच्या जातीची वेल. खरे ब्रह्मकमळ हे. फिकट पिवळसर, कागदासारख्या पाकळ्यांत झाकलेले.) शेवटचा चढ सुट्या दगडांचा आणि कडक बर्फाचा. दहा पावले टाकावीत आणि काठीवर टेकावे. आठ वाजता आम्ही कुंडाच्या काठावर होतो.

पाणी काळसर हिरवे, कडेला बर्फ. आणि एका सपाट दगडावर कोणीतरी मांडून ठेवलेल्या कवट्या, मांडीची हाडे. येणारेजाणारे लोक ती उचलतात, छायाचित्रे काढतात; कित्येकांनी तर घरी नेली. कोणी काही बोलले नाही. वरच्या खिंडीला ज्यूंरागली, म्हणजे मृत्यूची गल्ली म्हणतात. तिच्यापलीकडे शिलासमुद्राची हिमनदी आणि होमकुंड. आम्ही तिथवर गेलो नाही.

आता इतिहासाकडे येते. १९४२ साली मधवाल नावाच्या वनाधिकाऱ्याने ही हाडे पाहिली आणि जगाला बातमी कळली. महायुद्धाचे दिवस, मेलेले जपानी शिपाई असावेत, अशी आवई उठली. हाडे जुनी आहेत हे कळल्यावर जोरावरसिंगाच्या डोग्रा फौजेचे नाव पुढे आले. हा सेनापती १८४१ साली तिबेटात मारला गेला. त्याचे उरलेले शिपाई इकडून परतताना मेले असावेत, असा तर्क. १९५५ नंतर लखनौचे मानववंशशास्त्रज्ञ डॉ. मजुमदार आणि कैलास-मानससरोवराचे यात्री स्वामी प्रणवानंद यांनी वर जाऊन अवशेष आणले. स्वामीजींनी राजजातेच्या कथेला महत्त्व दिले. परंतु पुढेही कित्येक वर्षे रूपकुंड म्हटले की फौज, असेच लोक सांगत राहिले. एवढ्या उंचीवर एवढी माणसे म्हणजे शिपाईच असणार, आणि शिपाई म्हणजे पुरुष. या तर्कात राणी आणि दासी कोणालाच नको होत्या.

२००४ साली मोठी मोहीम झाली. तिच्यात आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे आणि डॉ. वीणा मुश्रीफ-त्रिपाठी यांनी हाडांचा अभ्यास केला. बांबूच्या काठ्या, चामडी पादत्राणे, भाल्याची टोके यांच्याबरोबर काचेच्या बांगड्याही सापडल्या होत्या. काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोल वस्तूच्या आघाताच्या खुणा होत्या. शस्त्राचा घाव तसा नसतो. मोठ्या गारांचा असावा, असे मत पडले. म्हणजे लोखंडी गारांचे गाणे अगदीच पोकळ नव्हते! त्याच सुमारास हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या तपासणीवरून काही नमुन्यांचे साम्य महाराष्ट्रातल्या कोकणस्थांशी असल्याच्या बातम्या आल्या. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ यामुळे फार खूष झाले होते.

ही खुषी पुढे टिकली नाही. २०१९ च्या ऑगस्टात 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात अनेक देशांच्या संशोधकांचा निबंध आला. त्यांनी ३८ जणांच्या हाडांतील डीएनए तपासला. २३ जण भारतीय उपखंडातले, पण एका जातीचे वा एका प्रांताचे नव्हेत, नाना ठिकाणचे. त्यांचा काळ साधारण सातवे ते दहावे शतक, आणि तेही सगळे एकाच दिवशी मेलेले नाहीत. १४ जण मात्र भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे, ग्रीस आणि क्रीट बेटातल्या लोकांशी जुळणारे, आणि ते मेले अवघ्या दोनेकशे वर्षांपूर्वी, १८०० च्या सुमारास! एक जण आग्नेय आशियातला. ग्रीस-क्रीटकडची ही माणसे तिथे कशी पोहोचली, याचे उत्तर त्या निबंधातही नाही. लोकांनी याच चमत्काराची चर्चा केली. माझे बोट निबंधातल्या दुसऱ्याच आकड्यावर थांबले. ३८ पैकी १५ बायका होत्या.

पंधरा! फौज नव्हे. घराबाहेर पडलेली, धाप लागलेली, बांगड्या घातलेली माणसे. आपापसांत जवळचे रक्ताचे नातेही त्या नमुन्यांत सापडले नाही. यात्रेला जातात तशीच ही माणसे गेली असतील, निदान जुन्या काळातली तरी, असे संशोधकांनाही संभवनीय वाटते. बेदनीच्या वाटेवरच्या देवळांत त्याच शतकांतले शिलालेख आहेत. एका राजाची, एका रात्रीची गोष्ट म्हणून कथा खरी ठरत नाही. पण बायका त्या वाटेने गेल्या होत्या आणि गारा पडल्या होत्या, हे गढवालच्या गाण्यांनी हजार वर्षे धरून ठेवले. त्याचबरोबर गारा का पडल्या, याचे खापरही त्याच गाण्यांनी फोडले, आणि ते बाळंतिणीच्या माथ्यावर. त्या उंचीवर दुपारनंतर गारा कोणालाही विचारून पडत नाहीत. आम्हांवरही पडल्या, हरभऱ्याएवढ्या, आणि आमच्यात सगळ्यांत धाकटी त्रेपन्न वर्षांची होती!

२०१८ च्या ऑगस्टात उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास बंदी घातली. कुरणांची आणि हाडांची आम्हीच लोकांनी जी दुर्दशा केली होती, ती पाहिलेल्या माणसाला तक्रार करण्यास जागा नाही.

एक सांगावयाचे राहिले. नंदेसाठी म्हणून मी घरून ओटी नेली होती. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हिरव्या बांगड्या. रूपकुंडाहून उतरताना भैजींनी हात करून दाखविले, "तो बलपा सुलेरा." काळ्या खडकाचा आडोसा, दुसरे काही नाही. मी विचारले, इथे तांदूळ ठेवले तर चालेल का? ते जरा घुटमळले. इथे कोणी काही ठेवत नाही, म्हणाले. मग स्वतःच पुढे होऊन त्यांनी एक चपटा दगड पुसून दिला. तांदूळ तिथे ठेवले. खण आणि बांगड्या वाऱ्याने उडून कचरा होईल म्हणून परत घेतल्या. त्या वाणला भैजींच्या सुनेला दिल्या. तिला सातवा महिना होता. नारळ तिच्या अंगणात फोडला. ओले खोबरे तिने आधी वास घेऊन पाहिले, मग खाल्ले, आणि आणखी आहे का, असे विचारले.