जग दाखवायची परवानगी

दूरदर्शनच्या बातम्या म्हणजे मंत्र्यांची उद्घाटनं, असं समीकरण होतं त्या काळातली ही गोष्ट. घरबसल्या दुसरं काही पाहायची सोय नव्हती आणि दूरदर्शन थेट माहिती व प्रसारण खात्याच्या हाताखाली होतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्याच दूरदर्शनवर शुक्रवारी रात्री 'द वर्ल्ड धिस वीक' हा इंग्रजी कार्यक्रम सुरू झाला. आठवडाभरात जगात काय घडलं ते एखाद्या साप्ताहिकासारखं मांडलेलं. निर्मिती बाहेरची होती, राधिका आणि प्रणय रॉय यांच्या एनडीटीव्हीची. ही संस्था तेव्हा जेमतेम चार वर्षांची. दाढीवाले, हळू आवाजात बोलणारे प्रणय रॉय निवडणुकांच्या आकडेमोडीमुळे लोकांना ठाऊक होते.

सरकारी पडद्यावर खासगी निर्मात्याला बातम्या का करू दिल्या? उत्तर कार्यक्रमाच्या नावातच आहे. देशाच्या बातम्या दूरदर्शनच्या वृत्तविभागाकडेच राहिल्या. बर्लिनमध्ये काय चाललंय ते तुम्ही सांगा. भिवंडीत काय चाललंय ते आम्ही सांगू, वाटलं तर. मला तरी तो सौदा असाच दिसतो.

पण नशीब असं, की जगाला तेव्हाच पाय फुटले. १९८९ च्या जूनमध्ये तिआनानमेन चौक, नोव्हेंबरात बर्लिनची भिंत, पुढच्या फेब्रुवारीत तुरुंगातून बाहेर येणारे मंडेला. मी तेव्हा मराठी घेऊन बी.ए. करत होतो. इंग्रजी निम्मंच कळायचं, पण माणसं भिंतीवर चढून नाचतायत हे कळायला इंग्रजी कशाला लागतं?

ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि हे 'जग' आमच्या ओटीवर आलं. खेड-दापोलीकडे मोहल्ल्या-मोहल्ल्यातलं कुणी ना कुणी आखातात होतं. शेजारच्या चाचींचा मुलगा कुवेतला ड्रायव्हर. फोन बंद, पत्र नाही. चाचींना इंग्रजी ओ की ठो कळत नसे, तरी शुक्रवारी आमच्याकडे येऊन बसायच्या. निर्वासितांच्या रांगा दिसल्या की पुढे सरकून एकेक चेहरा न्याहाळायच्या. "ते काय बोलतायत ते नंतर सांग," मला म्हणायच्या, "आधी बघू दे." मुख्यतः एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीय परत आणले. चाचींचा मुलगा त्यांतच आला, एका पिशवीनिशी.

म्हणजे परदेशी बातमी आणि घरची बातमी अशी रेघ चाचींसाठी नव्हतीच. ती दिल्लीत कागदावर होती. तिचा अर्थ मला ६ डिसेंबर १९९२ ला नीट कळला. त्या रविवारी दूरदर्शनच्या बातम्यांत मोजूनमापून शब्द होते. बाबरी मशिदीची दृश्यं आम्ही पाहिली ती केबलवाल्यानं दिलेल्या बीबीसीवर. बर्लिनची भिंत आम्हाला दिल्लीनं दाखवली होती. अयोध्या लंडननं दाखवली. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून त्यांनी दार लावून घेतलं.

रेघ पुसली गेली ती १९९५ मध्ये, आणि त्याला क्रिकेटचाही हात लागला. सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचं सरकारशी भांडण झालं होतं. त्यात फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मिरास नव्हे. त्याच वर्षी दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर एनडीटीव्हीचं 'द न्यूज टुनाइट' आणि 'आज तक' ही रोजची बातमीपत्रं आली. आता देशाच्याही बातम्या बाहेरचे लोक सांगू लागले. 'द वर्ल्ड धिस वीक' त्याच सुमारास संपलं. एकदा घरचं दाखवायला मिळाल्यावर जगाकडे बघायला कुणाला वेळ होता? आज शेकडो वृत्तवाहिन्या आहेत. आफ्रिकेवर सलग पाच मिनिटं कुणी देत असेल तर मला जरूर कळवा.

रेडिओवर मात्र ती रेघ पुढेही राहिली. खासगी एफएमला परवाने मिळाले ते बातम्या न देण्याच्या अटीवर. २०११ च्या धोरणानं थोडी सूट दिली: बातम्या लावा, पण आकाशवाणीच्याच, आणि काना-मात्रा न बदलता.