न धावलेल्या मोटारी

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा विकल्या गेलेल्या गाड्यांचीच मोजदाद करतात. परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेर कधीच न पडलेल्या गाड्यांचाही एक इतिहास आहे. आणि कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हा मंडळींना तो अधिक बोलका वाटतो. कोणती कल्पना व्यवहार्य आणि कोणती वेडगळ, हे ठरवतो कोण, ते त्यात उघड दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘स्वप्नमोटारीं’चे पीक आले. जनरल मोटर्स कंपनीने १९५४ साली ‘फायरबर्ड’ नावाची एकट्या माणसाची गाडी प्रदर्शनात मांडली. तिला विमानासारखे नाक, आखूड पंख, शेपटी आणि गॅस टर्बाइनचे इंजिन! फोर्ड कंपनीने १९५७-५८ च्या सुमारास त्यावरही कडी केली. तिच्या ‘न्यूक्लिऑन’च्या पाठीत चक्क अणुभट्टी बसायची होती, एकदा इंधन भरले की पाच हजार मैलांची निश्चिंती. प्रत्यक्षात झाली ती लहान प्रतिकृती. कारण मोटारीत मावेल एवढी अणुभट्टी कोणापाशीच नव्हती. पण या गाड्या घराघरांत जाव्यात, अशी मालकांची अपेक्षा होती कोठे? लोकांनी थक्क व्हावे आणि कंपनीची नेहमीची गाडी विकत घ्यावी, एवढेच त्यांचे काम. गाडी अव्यवहार्य, पण तिच्यामागचा व्यवहार पक्का!

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. इचलकरंजी हे मागावर जगणारे गाव. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनी बेताच्या शालेय शिक्षणावर १९४९ साली स्वतः घडवलेली एक छोटी मोटार उभी केली. पुढे पाव शतक ते तिची नवनवी रूपे बनवीत राहिले. ‘मीरा’ हे तिचे नाव. इंजिन मागे, धक्के झेलायला रबर आणि सुटे भाग होतील तितके कमी. सुमारे १२,००० रुपयांत ती सामान्य कुटुंबाला द्यावी, हा त्यांचा हिशेब होता. मीरा रस्त्यावर धावली, परंतु कारखान्यातून बाजारात कधीच उतरली नाही.

असे का व्हावे? १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर मोटार काढायला सरकारी परवाना लागे. स्वस्त मोटारीचा विचार सरकारदरबारी समित्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहिला. १९७१ साली स्थापन झालेल्या मारुती कंपनीला परवान्याची वाट मोकळी झाली. तिच्यामागे पंतप्रधानांचे चिरंजीव होते. तीही कंपनी बुडाली, आणि १९८३ साली रस्त्यावर आलेली मारुती सरकारच्या भांडवलावर व जपानच्या सुझुकीच्या तंत्रावर उभी होती.

पण सगळा दोष परवान्यावर ढकलणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. एक गाडी ही कारागिरी असते. दहा हजार गाड्या ही संघटना असते. साचे, भांडवल, सुटे भाग पुरवणारे, गावोगावचे मिस्त्री आणि शिकलेले कामगार एकत्र यावे लागतात. एका माणसाची जिद्द कितीही थोर असली, तरी तिला ही जोड मिळाली नाही.

आणि जोड मिळूनही भागत नाही. टाटांनी २००८ साली एक लाखाची ‘नॅनो’ दाखवली. भांडवल होते, अभियंते होते, नाव होते. तरी २०१८ पर्यंत तिचे उत्पादन थांबले. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का कपाळी घेऊन मिरवणे ग्राहकाला रुचले नाही.

याउलट आपल्या नांदेड-लातूरच्या रस्त्यांवरील टमटम पाहा. तीन चाके, सहा आसने आणि बसलेले दहा-बारा! कोणत्याही प्रदर्शनात तिला कोणी उभे केले नसते. पण बाजाराला जाणारी शेतकरीण, शाळेची पोरे, भाजीची टोपली यांची गरज तिने ओळखली. तिच्यात धोकाही आहे, हे आम्ही नाकारीत नाही, परंतु एस.टी. जेथे पोचली नाही, तेथे ती पोचली.

नांदेडात १९८१ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लातुरातही मुले यंत्रे शिकतात. उद्या त्यांच्यातील कोणी विचित्र गाडीचा आराखडा घेऊन आला, तर हसण्यापूर्वी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: ही गाडी कोणाला हवी आहे, ती कोणाचे हात घडवणार, आणि तिची वाट कोण अडवून बसला आहे? इचलकरंजीच्या त्या माणसाला हे वेळेवर आणि आपुलकीने विचारणारे कोणी भेटले असते, तर त्याचे एकट्याचे कष्ट कदाचित अनेकांचे झाले असते.